चार सुरेश, एक यादी

वाचकांच्या प्रश्नांचं हे पान लिहायला बसलो आणि टपालातले चार प्रश्न एकाच वाटेचे निघाले. एक रावेरकडचा, एक जळगावच्या सराफ बाजारातला, एक शिरपूरच्या विद्यार्थिनीचा आणि एक नंदुरबारहून पोस्टकार्डावर. चौघांचंही दुखणं एकच : अॅपमधल्या यादीतली कोणती ओळ कोणाची, हे यंत्राला कळत नाही. त्यामुळे या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवले.

प्रश्न : दादा, मी रावेर तालुक्यातला. मामांचा केळी खरेदीचा धंदा आहे. त्यांच्या आयफोनसाठी मी स्विफ्टयूआयमध्ये (अॅपलच्या स्क्रीन मांडायच्या साधनात) एक छोटं अॅप केलं. त्यात शेतकऱ्यांची यादी, आणि प्रत्येकाच्या नावाखाली कटाईची तारीख, काट्यावरचं वजन, भाव, दिलेली उचल. माहिती कोअर डेटात, म्हणजे अॅपलच्या साठवणीच्या सोयीत, ठेवली. यादी मांडताना फॉरईचने (एकेक ओळ मांडणाऱ्या सूचनेने) प्रत्येक ओळीची ओळख मागितली, मी शेतकऱ्याचं नाव देऊन टाकलं. आमच्या गावात सुरेश पाटील चार आहेत. यादीत चार ओळी दिसतात, पण चारही ओळींत पहिल्याच सुरेशचं वजन! मग एका व्हिडिओत बघून ओळख म्हणून दर वेळी नवा यूयूआयडी (यंत्राने बनवलेला लांबलचक, वेगळा क्रमांक) दिला. आता वजनाचा एक आकडा टाकला की कीबोर्ड बंद होतो आणि यादी झटका देऊन वर पळते. मामा म्हणतात, वहीच बरी होती. माझं काय चुकतंय?

उत्तर : आधी मामांचं ऐका. वही बरी होती हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि ती का बरी होती यातच तुमचं उत्तर आहे. खतावणीत चार सुरेश असले तरी प्रत्येकाचं पान वेगळं. एक १४ व्या पानावर, एक ३१ व्या. मामा मनात त्यांना नावाने ओळखतच नाहीत. एक मळ्यातला, एक टाकीजवळचा, एक ज्याचा ट्रॅक्टर लाल आहे तो. तुम्ही वही बंद केली, पानांचे नंबर टाकून दिले आणि चौघांना पुन्हा एका नावाखाली कोंबलं.

यादी ओळख कशासाठी मागते ते बघा. मामा नवा शेतकरी घालतात, एखादा काढतात, भावाप्रमाणे यादी वरखाली करतात. स्विफ्टयूआय दर वेळी सगळी यादी नव्याने रंगवत नाही. जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून ते विचारतं, यातला कोण तोच आहे, कोण गेला, कोण नवा आला, कोण फक्त जागा बदलून बसला. हे सगळं ते ओळखीवरून ठरवतं. चार जणांची ओळख एकच निघाली की त्याच्या हिशेबी माणूस एकच, फक्त चार वेळा आलेला. म्हणून पहिल्याचंच वजन चारदा. एक्सकोडच्या, म्हणजे आपण अॅप लिहितो त्या प्रोग्रॅमच्या, खालच्या खिडकीत ही ओळख अनेकदा आली, परिणामाची खात्री नाही, अशा अर्थाची सूचनाही येत असणार. ती आपण सगळेच वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

दुसऱ्या प्रयत्नात तुम्ही उलट्या टोकाला गेलात. तुमचा यूयूआयडी साठवलेला नाही, विचारल्यावर जागेवर बनवलेला आहे. म्हणजे फाटकावरच्या वॉचमनने दर वेळी नवा पास द्यायचा आणि आतल्या माणसाने पास जुळत नाही म्हणून हाकलून द्यायचं. तुम्ही वजनाच्या चौकटीत २ दाबलंत, स्क्रीनचा भाग पुन्हा मोजला गेला, प्रत्येक शेतकऱ्याला विचारलं तू कोण, प्रत्येकाने नवा आकडा सांगितला. यंत्राला वाटलं, जुने सगळे गेले आणि तेवढेच नवे आले. जुन्या ओळी मोडल्या, त्यांतली तुमचं बोट असलेली चौकटही मोडली, मग कीबोर्ड कोणासाठी उघडा ठेवायचा? यादी वर पळते तीही याचमुळे.

थोडक्यात, पहिल्या वेळी ओळख वेगळी नव्हती आणि दुसऱ्या वेळी टिकाऊ नव्हती. दोन्ही हव्यात.

ओळींचा क्रमांक देऊन बघू, असं तुमच्या मनात येईलच, कारण ते माझ्याही मनात आलं होतं. ती हकीकत सांगतो. साक्रीकडच्या एका गावातल्या दूध डेअरीसाठी मी एक अॅप केलं होतं. सकाळी सहाला सभासद रांगेत उभे, माप घेणारा मुलगा फॅट आणि लिटर टाकत जायचा. यादीतली ओळ मी तिच्या जागेवरून ओळखत होतो : पहिली, दुसरी, तिसरी. एके सकाळी मधला एक सभासद आला नाही, मुलाने त्याची ओळ काढली. खालची नावं एकेक घर वर सरकली. पण चौकटीत टाकलेले आणि अजून न साठवलेले आकडे जागेला चिकटलेले होते, ते तिथेच राहिले. म्हशीच्या दुधाची ६.८ फॅट गाईवाल्याच्या नावावर गेली आणि म्हशीवाल्या आजोबांच्या नावावर ३.६ आली. दहा दिवसांचं पेमेंट झाल्यावर आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, “काय व्हयनं भाऊ, मनी म्हैस एक रातमा आटी गई का?” मी दिवसभर बेरजा तपासत बसलो. बेरजा सगळ्या बरोबर होत्या. माणसं चुकली होती.

आणि गंमत अशी, की त्या डेअरीच्या भिंतीवर सभासदांचा फळा टांगलेला होता, प्रत्येकाला क्रमांक होता आणि सोडून गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नसत. मी रोज त्या फळ्याखाली बसून चहा प्यायचो.

आता तुमच्या कोअर डेटाकडे. २०१९ मध्ये स्विफ्ट ५.१ बरोबर आयडेंटिफायेबल हा करार भाषेच्या मूळ संचात आला. त्याची मागणी एकच : वस्तूकडे आयडी नावाचं काहीतरी असावं आणि ते हॅशेबल असावं, म्हणजे दोन आयडी समान आहेत का हे पटकन तपासता यावं. कोअर डेटासाठी एक्सकोड जो वर्ग आपोआप लिहून देतो त्याला हल्ली हा करार जोडलेलाच असतो, म्हणून फॉरईचला ओळख वेगळी सांगितली नाही तरी चालतं. तुम्ही नाव दिलं नसतं तर चार सुरेशचा घोटाळाच झाला नसता! पण तेवढ्यावर थांबू नका. वर्गाच्या वस्तूला तुम्ही स्वतः आयडी दिला नाही तर स्विफ्ट जो देतं तो ऑब्जेक्टआयडेंटिफायर, आणि तो वस्तू मेमरीत कुठे बसली आहे त्यावरून ठरतो.

हा एसटीतल्या सीटच्या नंबरसारखा असतो. धुळे-जळगाव गाडीत १२ नंबरवर एक माणूस बसलाय तोवर ‘१२ नंबरवाला’ म्हटलं की काम भागतं. तो पारोळ्याला उतरला, त्या सीटवर दुसरा बसला, तरी १२ नंबरवाला आहेच. मेमरीतही तसंच. वस्तू सुटली की तिची जागा दुसरी वस्तू घेऊ शकते. कोअर डेटाची एक चांगली सवय आहे : एका कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे नोंदी उघडून काम करायच्या एका टेबलावर, तो एका नोंदीची एकच वस्तू ठेवतो. त्यामुळे एकच कॉन्टेक्स्ट आणि एकच स्क्रीन असेपर्यंत हे चालून जातं. पण उद्या मागच्या कॉन्टेक्स्टमध्ये दिवसाच्या पट्ट्या तयार करायला लागलात की तिथे त्याच सुरेशची वेगळी वस्तू, वेगळा पत्ता. अॅप बंद करून उघडलं की आणखी वेगळा. निवडलेला शेतकरी लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी तोच उघडायचा असेल तर हा पत्ता कामाचा नाही.

पुढची पायरी म्हणजे कोअर डेटाचा स्वतःचा ऑब्जेक्टआयडी. हा खरोखर नोंदीचा आहे, मेमरीचा नाही. कॉन्टेक्स्ट बदलला तरी तोच. मात्र याला एक गाठ आहे. नवी नोंद तयार केली आणि अजून सेव्ह केली नाही, तोवर हा आयडी तात्पुरता असतो. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधतात ना, तसा. सेव्ह झाल्यावर कायमचा आयडी मिळतो आणि तो वेगळा असतो. मामांनी नवा शेतकरी घातला, ओळ दिसली, सेव्ह दाबलं, ओळख बदलली. यादीला वाटलं एक गेला, एक आला. ओळ लुकलुकते, उघडलेली चौकट मिटते. यावर उपाय आहे : दाखवण्याआधी सेव्ह करा, किंवा ऑब्टेनपर्मनंटआयडीज नावाची सोय वापरून कायमचा आयडी आधीच मागून घ्या. २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर आलेल्या स्विफ्टडेटातही पहिल्या सेव्हपर्यंत ओळख तात्पुरतीच असते, त्यामुळे तिकडे पळून सुटका नाही.

माझ्या मते तुमच्या कामाला सर्वांत बरं ते असं. शेतकरी या एन्टिटीला (नोंदीच्या प्रकाराला) आयडी नावाचा यूयूआयडी प्रकारचा गुणधर्म जोडा आणि नोंद जन्माला येते त्या क्षणी, एकदाच, त्यात यूयूआयडी भरा. त्यासाठी कोअर डेटाने जागाही ठेवली आहे : अवेकफ्रॉमइन्सर्ट ही पद्धत नोंद पहिल्यांदा घातली जाते तेव्हा चालते, नंतर वाचताना चालत नाही. तिथे भरा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. व्हिडिओवाल्याने सांगितलेला यूयूआयडी आणि हा, वस्तू एकच. फरक एवढाच, की त्याचा विचारल्यावर बनतो आणि हा बनवून साठवलेला आहे.

यात एक खड्डा आहे आणि तुम्ही त्यात पडण्याची दाट शक्यता आहे, कारण तुमच्याकडे जुन्या नोंदी आहेत. मॉडेलची, म्हणजे साठवणीच्या आराखड्याची, नवी आवृत्ती काढून हा गुणधर्म जोडलात की साधं स्थलांतर आपोआप होईल, अॅप उघडेल, तक्रार काही येणार नाही. पण जुन्या प्रत्येक शेतकऱ्याचा आयडी रिकामा असेल. एक्सकोडने बनवलेल्या वर्गात हा गुणधर्म ऑप्शनल, म्हणजे रिकामा राहिला तरी चालणारा, असतो. ऑप्शनल यूयूआयडीही हॅशेबल असतो, म्हणून कोड तपासणारा कंपायलर गप्प बसतो. आणि रिकामा बरोबर रिकामा म्हणजे समान! आता चार सुरेशच नाही, सगळं गावच एक माणूस झालं. तेव्हा नव्या आवृत्तीच्या पहिल्या उघडण्यात, यादी दाखवण्याच्या आधी, ज्यांचा आयडी रिकामा आहे अशा नोंदी शोधा, प्रत्येकीला एकेक यूयूआयडी द्या, सेव्ह करा. आणि त्याही आधी मामांच्या फोनचा बॅकअप घ्या. केळीच्या हंगामात व्यापाऱ्याचा हिशेब उडाला तर भाचा म्हणून कोणी सोडत नाही.

यूयूआयडी दोनदा सारखा निघाला तर, ही शंका दर वेळी कोणीतरी विचारतंच. तो १२८ बिटांचा असतो, लिहिला तर आडव्या रेघांसकट ३६ अक्षरं. नेहमीच्या चौथ्या प्रकारात त्यातले १२२ बिट निव्वळ दैवावर. पाचावर छत्तीस शून्यं दिली तर जेवढी संख्या होते, त्याहून थोड्या जास्तच वेगवेगळ्या ओळखी त्यातून निघतात. तुमच्या तालुक्यात केळीची खोडं मोजायला बसलात तरी त्या संख्येच्या पासंगाला पुरणार नाहीत.

मग साधे १, २, ३ का नकोत? एकाच फोनवर कायम राहणार असाल तर तेही चालतील. पण मामांचा मुलगा सावदा रोडच्या काट्यावर बसतो आणि मामा बागेत, दोघांचे फोन, आणि बागेत रेंज नाही, असं होणारच. दोघांच्याही फोनने ५७ नंबर दिला तर संध्याकाळी माहिती एकत्र करताना ५७ नक्की कोण? यूयूआयडी कोणाला विचारून घ्यावा लागत नाही, म्हणून तो बागेतही देता येतो. आणि पुढे अॅपलच्या क्लाउडकिटने, म्हणजे इंटरनेटवरून, दोन फोन जोडायचे ठरवलं तर लक्षात ठेवा, तिथे कोअर डेटाची एकमेवतेची अट चालत नाही. नाव किंवा मोबाइल एकमेव आहे अशी अट घालून निर्धास्त बसणाऱ्यांना तिथे अट काढून टाकावी लागते.

मोबाइल नंबर ओळख म्हणून घेऊ का, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. नको. दोन भाऊ एकच नंबर देतात आणि नंबर बदलतोही. सातबाऱ्याचा गट नंबर? वाटणी झाली की पोटहिस्से पडतात. आधार? त्या वाटेला जाऊच नका, केळीच्या पट्टीसाठी लोकांचे आधार क्रमांक फोनमध्ये साठवायचं कारण नाही. जी गोष्ट बाहेरच्या जगात बदलू शकते ती माहिती म्हणून ठेवा, ओळख म्हणून नको.

याचा अर्थ मामांनी शेतकऱ्याला ३६ अक्षरं वाचून दाखवायची असा नाही. पावतीवर साधा खाते क्रमांक छापा, १४, ३१, जुन्या वहीतलाच. तो माणसांसाठी. यूयूआयडी यंत्राच्या पोटात राहू द्या. आणि यादीच्या ओळीत नावाखाली बारीक अक्षरांत मळा किंवा गाव लिहा, नाहीतर यंत्राला चार सुरेश कळतील आणि मामांना कळणार नाहीत.

प्रश्न : जळगावला आमचं सराफी दुकान आहे. दुकानातल्या आयपॅडसाठी मी यूआयकिटमध्ये (स्क्रीन मांडायच्या अॅपलच्या जुन्या साधनात) अॅप लिहितोय, यादीला डिफेबल डेटा सोर्स (जुनी-नवी यादी ताडून फक्त फरक दाखवणारी सोय) वापरला आहे. वर ‘आज दाखवलेले’ आणि खाली ‘सगळा माल’ असे दोन भाग. एकच पाटली दोन्ही भागांत आली की अॅप बंद पडतं. दुसरं असं, की दागिन्यावर एचयूआयडी असतोच, मग तोच ओळख म्हणून वापरला तर वेगळा खटाटोप कशाला?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नात जास्त रस आहे, तो आधी घेतो.

एचयूआयडी म्हणजे हॉलमार्क केलेल्या दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक. तो २०२१ च्या जुलैपासून सुरू झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी असलेलेच हॉलमार्कचे दागिने दुकानातून विकता येतात. प्रत्येक नगाचा वेगळा. म्हणजे पहिली अट, वेगळेपण, तो पुरी करतो. अडचण जन्माच्या वेळेची आहे. कारागिराकडून पाटली तुमच्याकडे आली, वजन झालं, अॅपमध्ये नोंद झाली, तेव्हा तिला एचयूआयडी नाही. ती हॉलमार्किंग केंद्रात जाऊन परत आल्यावर मिळतो. मधल्या काळात अशा दहा पाटल्या असतील तर दहाही जणी रिकाम्या ओळखीच्या, आणि वर रावेरच्या भाच्याला सांगितलेला खड्डा तुमच्यापुढेही आहे. शिवाय गिऱ्हाइकाकडून मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यावर तो नसेलच. नोंद करताना पोराने सहातलं एक अक्षर चुकवलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं, की दुरुस्तीबरोबर ओळख बदलली आणि तिला जोडलेली बिलं लोंबकळत राहिली. तेव्हा एचयूआयडी हा स्वतंत्र रकाना ठेवा, तो भरला असेल तर दोनदा येत नाही ना हे तपासा, पण नोंदीची ओळख तुमचा स्वतःचा यूयूआयडीच असू द्या.

आता अॅप बंद पडण्याचं. डिफेबल डेटा सोर्सचा नियम कडक आहे : एका स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे यादीच्या त्या क्षणाच्या चित्रात, प्रत्येक ओळीची ओळख एकदाच यावी, भाग कितीही असोत. स्विफ्टयूआय अशा वेळी गोंधळ घालून पुढे चालतं, हे थेट आडवं होतं. मला आडवं होणारं जास्त आवडतं, निदान कळतं तरी. तुमची चूक एवढीच, की दागिन्याची ओळख आणि ओळीची ओळख तुम्ही एक धरली. पाटली एक, पण ती दोन ठिकाणी मांडली तर ओळी दोन. एक लहानसं स्ट्रक्ट, म्हणजे काही रकान्यांचं एकत्र पुडकं, करा, त्यात भागाचं नाव आणि दागिन्याचा यूयूआयडी, दोन्ही मिळून हॅशेबल. वरची पाटली आणि खालची पाटली वेगळ्या ओळी ठरतील आणि बोट लावल्यावर दोन्हींतून एकच दागिना उघडेल.

त्या स्ट्रक्टमध्ये अख्खा दागिना मात्र कोंबू नका. वजन, घडणावळ, भाव सगळं आत असलं की भाव बदलताच ओळख बदलते. सोन्याचा भाव तर रोज बदलतो! रोज सकाळी सगळा माल गेला आणि नवा आला, असं यादीला वाटेल. आत फक्त ओळखच ठेवा आणि भाव बदलला की आयओएस १५ मध्ये आलेल्या रिकॉन्फिगरआयटम्सने ती ओळ फक्त पुन्हा भरा. ओळ तीच राहते, आतला आकडा बदलतो.

प्रश्न : दादा, मी शिरपूरला शिकते. प्रोजेक्टसाठी अँड्रॉइडवर बचत गटाचं अॅप करतेय, रूम (माहिती साठवायला) आणि जेटपॅक कम्पोज (स्क्रीन मांडायला) वापरून. लेझीकॉलम या यादीला की, म्हणजे ओळीची ओळख, म्हणून आयडी दिला. एक सदस्य घातली की ठीक. सेव्ह करायच्या आत दोन जणी घातल्या की ‘शून्य ही की आधीच वापरली आहे’ म्हणून अॅप कोसळतं. की काढून टाकली तर कोसळत नाही. काढूनच टाकू का?

उत्तर : नको ताई, काढू नकोस. की नसेल तर कम्पोज ओळीची जागा हीच ओळख धरतं, आणि जागेला ओळख धरल्यावर काय होतं ते वर साक्रीच्या म्हशीने सांगितलंच आहे.

रूममध्ये ऑटोजनरेट लावलेला आयडी सुरुवातीला शून्य असतो. शून्य म्हणजे ‘अजून नंबर मिळाला नाही’, आणि नंबर डेटाबेस देतो तो घातल्यावर. तू दोन जणींना नंबर मिळायच्या आधीच यादीत बसवलंस, दोघी शून्य. सरळ वाट अशी, की यादी थेट डेटाबेसवरून येऊ दे. सदस्य आधी इन्सर्ट कर. इन्सर्टची पद्धत लाँग (मोठा पूर्णांक) परत देते, तोच तिचा नंबर. डेटाबेस बदलला की फ्लोमधून, म्हणजे बदल आपोआप कळवणाऱ्या वाटेने, नवी यादी येईल आणि त्यात शून्य कोणी नसेल. न साठवलेल्या बायकाही दाखवायच्याच असतील, उदाहरणार्थ बैठक संपेपर्यंत कच्ची नावं, तर त्यांना घालतानाच यूयूआयडीची अक्षरी ओळख दे आणि तीच प्रायमरी की (टेबलातली मुख्य ओळख) कर. अँड्रॉइडवर की अशी हवी की ती बंडलमध्ये, म्हणजे स्क्रीनची स्थिती जपणाऱ्या गाठोड्यात, ठेवता येईल. अक्षरं आणि लाँग दोन्ही चालतात, तुझा स्वतःचा कुठलाही वर्ग चालेलच असं नाही.

तोंडी परीक्षेत विचारतील म्हणून एक सांगून ठेवतो. रूमच्या खाली असलेल्या नुसत्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये इंटिजर प्रायमरी की लिहिली आणि ऑटोइन्क्रिमेंट लिहिलं नाही, तर सर्वांत मोठ्या नंबरची ओळ पुसल्यावर पुढच्या नवीन ओळीला तोच नंबर मिळू शकतो. गट सोडून गेलेल्या बाईचा नंबर नव्या बाईला, आणि जुनीचं थकलेलं कर्ज कुठे पुसायचं राहिलं असेल तर तेही नवीच्या डोक्यावर. रूम ऑटोजनरेटसाठी ऑटोइन्क्रिमेंट लिहितं, त्यामुळे तुझ्या प्रोजेक्टला हा धोका नाही. स्वतः टेबल लिहिशील तेव्हा लक्षात ठेव.

प्रश्न : नंदुरबारहून पोस्टकार्ड आहे, दोन ओळींचं. गावांच्या यादीत ‘मोहिदे’ दोनदा येतं, म्हणून मी एक काढून टाकलं. आता लोक ओरडतात. आणि आठवड्याच्या वारांच्या यादीलाही यूयूआयडी द्यायचा का?

उत्तर : शहादा तालुक्यात मोहिदे तर्फ शहादा आणि मोहिदे तर्फ हवेली अशी दोन गावं आहेत. कागदावर त.श. आणि त.ह. लिहितात ते उगाच नाही. बुद्रुक-खुर्द म्हणा, तर्फ म्हणा, एका नावाची दोन गावं वेगळी ठेवायची ही सोय आपल्याकडे संगणक यायच्या कितीतरी आधीची. काढलेलं गाव परत घाला. ओळख म्हणून जनगणनेतला गावाचा कोड घेता येईल, पण जनगणनेगणिक कोड बदलतात, म्हणून कोणत्या वर्षाचा ते शेजारच्या रकान्यात लिहा आणि आतली ओळख आपलीच ठेवा.

वारांना नको. सोमवार कोणी पुसत नाही, मंगळवारच्या खाली नेत नाही. तिथे ० ते ६ खुशाल वापरा.